बैलाच्या कातड्याएवढी जमीन

भिवंडीहून वाड्याकडे जाणारी सडक आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालची आहे. अंबाडी, कुडूस, वाडा, मग विक्रमगड आणि पुढे घाटाची वळणे चढून गेले की जव्हार. खाली खाडीकाठचा बाजार, वर सह्याद्रीच्या पायथ्याचे डोंगरपठार. डोंगरातले भात, लाकूड, गवत पिढ्यान्‌पिढ्या खाली भिवंडीच्या बाजारात उतरत आले आणि इकडून कापड, सुकी मासळी वर जात राहिली. माल उतरतो तशा गोष्टीही उतरतात. त्यांतलीच एक गोष्ट आज आपण हाती घेणार आहोत. गोष्ट लहान आहे, पण ती नीट उलगडली तर इतिहास कसा वाचावा याचा एक धडाच आपल्या हाती लागतो.

जव्हारचे राज्य कसे स्थापन झाले, याची ही कथा. थळ घाटाजवळ मुकणे गावी जयबा मुकणे नावाचा महादेव कोळी सरदार होता. पिंपरीच्या देवस्थानी पाच साधूंनी त्याला आशीर्वाद दिला आणि तू जव्हारचा राजा होशील असे सांगितले. जयबाने कोळ्यांचे सैन्य जमवले. पेठ आणि धरमपूर या भागांतील लोकांनी त्याला मानले. पुढे तो सुरतेकडे व काठेवाडात गेला, तेथे सात वर्षे राहिला आणि परत येऊन जव्हारास पोचला. जव्हार त्या वेळी एका वारली नायकाच्या ताब्यात होते. जयबा त्याला म्हणाला, "मला फार नको. एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन दे." नायकाने होकार दिला. मग जयबाने त्या कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि नायकाच्या गढीभोवतीच फिरवल्या. गढी वेढली गेली. नायकाने पाहुण्याचे शहाणपण कबूल केले, जव्हार सोडले, आणि जयबाने त्याला गंभीरगड व त्याच्या आसपासचा मुलूख दिला.

ही कथा काही आजकालची नाही. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या इंग्रज अंमलदाराने १८३० नंतरच्या दशकात महादेव कोळ्यांची माहिती लिहिली, तीत ती आली आहे. तेथे कोळी सरदाराचे नाव पोपेरा असे दिले आहे. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही ती छापली गेली. तिथून ती शाळेच्या फळ्यावर आणि सहलीच्या माहितीपत्रकांत गेली.

आता मौज अशी की, हीच कथा, अगदी कातड्याच्या वाद्यांसकट, समुद्रापलीकडे आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरही सांगतात. तिकडे जाण्याचे कारण एवढेच, की एखादी गोष्ट दोन ठिकाणी सापडली म्हणजे ती दोन्हीकडून तपासता येते.

आज ट्युनिशिया म्हणतात त्या देशात ट्युनिस शहरालगत प्राचीन कार्थेजचे अवशेष आहेत. परंपरेने कार्थेजच्या स्थापनेचे वर्ष इ. स. पूर्व ८१४ मानतात. टायर नगराची राजकन्या एलिसा, जिला रोमन लोक दीदो म्हणत, भावाच्या जाचाला कंटाळून जहाजांतून पळाली आणि या किनाऱ्याला लागली. तिने तिथल्या लोकांकडे बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली, कातडे बारीक कापून टेकडी वेढली आणि नगर वसवले. त्या टेकडीला बिर्सा म्हणतात, आणि ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ कातडे असा होतो. टायरच्या लोकांच्या भाषेत त्याच्याशी मिळताजुळता शब्द तटबंदीच्या जागेसाठी होता, असे विद्वान सांगतात. म्हणजे ग्रीकांना शब्द कळला नाही, आणि न कळलेल्या शब्दावर कथा चिकटली. त्या किनाऱ्यामागच्या डोंगराळ मुलखाचा राजा इयार्बास होता, असेही या कथेत आहे. त्याचे लोक म्हणजे आज ज्यांना आपण बर्बर म्हणतो, त्यांचे पूर्वज.

बर्बर! हा शब्द ऐकून गुरुजी, तुम्ही नक्की दचकाल. आपल्याकडेही संस्कृतात बर्बर हा शब्द परक्या, अडखळत बोलणाऱ्या, रानटी माणसासाठी वापरत. ग्रीकांनीही जे ग्रीक बोलत नाहीत त्यांना तसलाच शब्द लावला, आणि पुढे तोच उत्तर आफ्रिकेच्या डोंगरी लोकांना कायमचा चिकटला. ते लोक स्वतःला अमाझिघ म्हणवतात, आणि त्याचा अर्थ सामान्यपणे स्वतंत्र माणसे असा सांगतात. बाहेरच्यांनी दिलेले नाव एक, आणि घरचे नाव दुसरे. आपल्या डोंगरातल्या माणसाला खालच्या बाजारात "जंगली" म्हणून हाक मारली जाते, तेव्हा तोच प्रकार होतो, नाही का?

कथेचा पहिला तपास गणिताने करू. तो वर्गातही करता येतो. दांडग्या बैलाचे कातडे सुमारे ४० चौरस फूट धरा. सुताराच्या मापाने एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कसबी चांभाराने रापीने एक सूत रुंदीची वादी अखंड काढली, असे मानू. तर ती वादी ३,८४० फूट लांब भरेल. ती चौरसात मांडली तर एक बाजू ९६० फुटांची होईल आणि आत २१ एकरांहून थोडी अधिक जमीन येईल. तीच वादी गोल मांडली, तर जवळजवळ २७ एकर! आणि एका बाजूला समुद्राचा सरळ काठ असला, वादी अर्धगोल मांडली, तर ५४ एकरांच्या आसपास. एकाच लांबीच्या दोरीत सर्वांत जास्त जमीन कोणत्या आकारात मावते, हा प्रश्न गणितात आजही दीदोच्याच नावाने ओळखतात.

आता जव्हार संस्थान केवढे होते ते पहा. इंग्रजी अमदानीत त्याचे क्षेत्र ३१० चौरस मैल होते. एका चौरस मैलात ६४० एकर. म्हणजे संस्थान १,९८,४०० एकरांचे. एका कातड्याचे २७ एकर धरले, तर सात हजारांहून अधिक बैल लागतील! एका कातड्यात गढी मावेल, गावठाण मावेल. राज्य मावत नाही. मग राज्य आले कुठून?

उत्तर कथेतच आहे, फक्त आपले लक्ष कातड्यावर खिळलेले असते म्हणून ते दिसत नाही. जयबा एकटा आला नव्हता. त्याने सैन्य जमवले होते, पेठ आणि धरमपूरने त्याला मानले होते. बरोबर सैन्य असलेला मनुष्य दाराशी येऊन थोडीशी जमीन मागतो, तेव्हा ती मागणी किती नम्र असते, हे गावच्या माणसाला सांगायला नको. शेवटही पहा. वारली नायकाला गंभीरगड मिळतो. ज्याला फसवून घालवले त्याला कोणी किल्ला आणि मुलूख देते काय? ही वाटणी झाली. एकाने पठार घेतले, दुसऱ्याने डोंगर घेतला. तेव्हा कातड्याची कथा म्हणजे एका तडजोडीवर, बहुधा दबावाखाली झालेल्या तडजोडीवर, घातलेली रंगीत चादर आहे.

कार्थेजच्या कथेतही असाच एक धागा आहे. जस्टिन नावाच्या लॅटिन लेखकाने तो जपून ठेवला. तो सांगतो की नगराच्या जमिनीबद्दल तिथल्या मूळ लोकांना दरसाल खंड द्यायचे ठरले होते, आणि पुढे कार्थेज बळकट झाल्यावर तो खंड देणे सोडवण्यासाठी लढाया झाल्या. म्हणजे जमीन विकत घेतलेली नव्हती, फसवून घेतलेलीही नव्हती. ती खंडाने होती. कातड्याच्या कथेतून हा खंडच गळून पडला. कूळ कोण आणि मालक कोण, ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला चांगली समजते. कथेत नेमके तेच विसरले जाते.

आता दुसरा तपास. कथा कोण सांगतो? हा प्रश्न मी फार महत्त्वाचा मानतो.

जव्हारात ही कथा राजघराण्याची उत्पत्तिकथा म्हणून सांगितली गेली. तिच्यात पाहुणा शहाणा ठरतो. कार्थेजची कथा ग्रीक आणि रोमन लोकांनी लिहिली. रोमचे कार्थेजशी हाडवैर होते. कार्थेजचे लोक पहिल्यापासूनच लबाड, असे सुचवायला त्यांना ती बरी पडली. पूर्वेकडे मलाक्का पोर्तुगीजांनी १५११ साली घेतले, आणि जकार्ता डचांनी १६१९ साली. तिकडच्या मलायी आणि जावानी लोकांतही कातड्याची गोष्ट आहे, पण ती सांगणारे आहेत जमीन गमावलेले लोक! गोऱ्या पाहुण्याने कातड्याएवढी जागा मागितली आणि बंदर बळकावले, म्हणून पोराबाळांनो सावध रहा, असा तिचा रोख. बैल तोच, वादी तीच. पण सांगणारा बदलला की शहाणपणाची फसवणूक होते आणि फसवणुकीचे शहाणपण होते.

मग जव्हारच्या कथेत वारली नायकाची बाजू कोठे आहे? त्याच्या तोंडी कथेत एकच शब्द आहे, होकाराचा. असे का व्हावे? कारण लिहिणे ज्याच्या हाती, त्याची बाजू टिकते. यासाठी पुन्हा एकदा उत्तर आफ्रिकेकडे पाहू, कारण तिथल्या एका डोंगरी गावात याचे उलटे उदाहरण उभे आहे.

ट्युनिसच्या नैर्ऋत्येस सुमारे ११० किलोमीटरांवर, डोंगरउतारावर दुग्गा नावाचे प्राचीन गाव आहे. हे बर्बरांच्याच पूर्वजांचे, नुमिडियन लोकांचे गाव. बंदर नव्हे. भोवती धान्याची शेते असलेले तालुक्याचे ठिकाण म्हणा ना. मासिनिसा हा नुमिडियनांचा मोठा राजा इ. स. पूर्व १४८ मध्ये वारला. त्याच्या नावाने गावकऱ्यांनी मंदिर बांधले आणि त्यावर लेख कोरला. तो लेख दोन भाषांत आहे. एक कार्थेजची, म्हणजे व्यापाऱ्यांची आणि सरकारदरबारची. दुसरी त्यांची स्वतःची, स्वतःच्या लिपीत. गावातल्या एका उंच समाधीवरही असाच दुभाषी लेख होता. १८४२ साली ट्युनिसमधला इंग्रज वकील टॉमस रीड याने तो लेख मिळवण्यासाठी समाधी पाडली. लेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पुढे १९०६ ते १९१० या काळात फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी समाधी पुन्हा उभारली. दुग्ग्याच्या या दुभाषी लेखांमुळेच त्या लोकांची जुनी लिपी विद्वानांना वाचता आली. तिच्याच वंशातली तिफिनाघ लिपी आज मोरोक्कोत शाळांच्या पुस्तकांत दिसते. तमाझिघ्त भाषेला मोरोक्कोने २०११ साली आणि अल्जीरियाने २०१६ साली राजभाषेचा मान दिला. कातड्याच्या कथेत मुके राहिलेले लोक आपल्या दगडांवर बोलत होते, हे यावरून कळले.

वारल्यांनी दगडावर लेख कोरले नाहीत. त्यांनी भिंतीवर लिहिले, तांदळाच्या पिठाने, गेरूने सारवलेल्या कुडावर. लग्नात सवाशिणी चौक लिहितात आणि त्यात पालघट देवी मांडतात. हो, वारली माणूस चौक "काढला" म्हणत नाही, "लिहिला" म्हणतो. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी ही भिंतीवरची कला कागदावर आणली आणि जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते निवर्तले.

कथेच्या पुढे कागदपत्रांचा इतिहास सुरू होतो, आणि त्यात पाहुणाही कायमचा विजयी राहिलेला नाही. जयबानंतर त्याचा मुलगा नेमशहा गादीवर आला. ५ जून १३४३ रोजी दिल्लीच्या सुलतानाने त्याला राजा म्हणून मान्यता दिली. त्या दिवसापासून संस्थानाने स्वतःचा शक मोजला आणि तो दप्तरी कागदांवर शेकडो वर्षे चालला. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांनी घेतली. १६६४ च्या आरंभी सुरतेवर जाताना महाराज जव्हारावरून गेले, तेव्हा विक्रमशहा त्यांना भेटला. ती जागा शिरपामाळ म्हणून आजही दाखवतात. पण १६७२ साली मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतले. पुढे पेशवाईत राज्याचा मुलूख तुकड्यातुकड्याने कमी होत गेला. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९६२ साली शेवटचे राजे यशवंतराव मुकणे भिवंडी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. ज्यांच्या पूर्वजाने कातडे मागितले होते, त्यांना आता भिवंडीच्या विणकराकडे आणि शेतकऱ्याकडे मत मागावे लागले. बदललेल्या काळाची याहून चांगली खूण कोणती?

येथे एक गोष्ट ध्यानात धरा. हे सारे सांगण्याचा हेतू कोळी आणि वारली यांच्यात जुने भांडण उकरून काढणे हा नाही. महादेव कोळीही डोंगराचेच लेकरू. इंग्रजांविरुद्ध बंड करणारा राघोजी भांगरे हा महादेव कोळीच, आणि त्याला २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. खरी वादी पुढे दुसऱ्यांच्याच हाती आली. सावकाराच्या वहीतला अंगठा, मापात खोट, लग्नासाठी दिलेल्या कर्जापायी आयुष्यभर राबणारा लग्नगडी – या कापलेल्या वाद्यांनी डोंगराखालची जमीन वेढली गेली. जमीन कसणारा तोच राहिला, मालक बदलला.

यावर वारल्यांनी शेवटी स्वतःच उत्तर दिले. २३ मे १९४५ रोजी झरी गावी किसान सभेच्या परिषदेला हजारो आदिवासी जमले आणि वेठबिगार करायची नाही असे त्यांनी ठरवले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमावावर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. पण वेठ मोडली ती मोडलीच. कथेतल्या नायकाच्या तोंडी फक्त होकार होता. झरीला त्याच्या वंशजांनी नकार दिला. माझ्या मते जव्हारच्या कथेचा राहिलेला अर्धा भाग तो हा.

आता कोणी म्हणेल, जुन्या गोष्टीची एवढी चिकित्सा कशाला? पोटाला भाकरी लागते, गोष्ट नव्हे. तर ऐका. संसदेने २००६ साली वनहक्काचा कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात कसत आलेल्या आदिवासीला आपल्या जमिनीवर दावा सांगता येऊ लागला. या कायद्याच्या २००८ च्या नियमांत पुराव्याची यादी आहे, आणि त्या यादीत सरकारी कागदांबरोबर गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदनही धरले आहे. म्हणजे म्हाताऱ्या माणसाची आठवण आता करमणुकीची बाब राहिली नाही. तिच्यावर एखाद्या कुटुंबाचे एकर-दोन एकर अवलंबून असू शकतात. आठवण नीट लिहून घ्यावी लागते: कोणी सांगितली, कोणत्या पाड्यावर, त्याच्या बापाने कोणता माळ फोडला, जुनी विहीर कोठे, पूर्वजांची समाधी कोठे, देवाचे झाड कोणते.

म्हणून गुरुजनांना माझी विनंती आहे. तुमच्या शाळेत भिवंडीचा, वाड्याचा, विक्रमगडचा, जव्हारचा मुलगा असेल. त्याला कातड्याचे गणित जरूर घाला. पटांगणात मुलांच्या हाती एकच दोरी द्या, आधी चौकोन करू द्या, मग गोल करू द्या, आणि कशात जास्त मुले उभी राहतात ते मोजायला सांगा. पण त्याच दिवशी घरचा अभ्यास म्हणून दुसरा प्रश्नही द्या. आजोबांना, आजीला विचारा: हा डोंगर, हा ओहोळ, हे शेत, यांना नावे कोणी दिली? आपली माणसे येथे आधी होती, की मागून आली? आली तर कोठून, आणि तेव्हा येथे कोण होते? भिवंडीच्या मुलानेही हे विचारावे; कारण त्याच्या शहरात उत्तर हिंदुस्थानातून आलेले विणकर आहेत, जुने कोकणी मुसलमान आहेत, आगरी-कोळी आहेत, आणि प्रत्येकाच्या घरी येण्याची वा असण्याची एक गोष्ट आहे.

उत्तरे एकमेकांशी जुळणार नाहीत. एका घरी जयबा शहाणा निघेल, दुसऱ्या घरी नायक भला निघेल, तिसऱ्या घरी जयबाचे नावही कोणाला ठाऊक नसेल. ती जुळवून घेण्याची घाई करू नका. दोन्ही बाजू शेजारी शेजारी वहीत उतरवून ठेवा, दुग्ग्याच्या दगडावर दोन भाषा कोरल्या तशा. खाली सांगणाऱ्याचे गाव लिहा, वय लिहा, तारीख घाला. एवढे झाले की ती वही शाळेच्या कपाटात जपून ठेवा. पुढे कधी ती कोणाच्या उपयोगी पडेल, ते आज सांगता येत नाही.